रिकाम्या जागा

परीक्षेतला 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न मुलांना फार आवडतो. निबंधासारखी त्यात दमछाक नाही, गणितासारखी छातीत धडधड नाही. एक शब्द आठवला की एक गुण पदरात पडतो. आणि नाही आठवला, तरी मुले ती जागा सहसा कोरी सोडून उठत नाहीत. काहीतरी लिहून येतात. 'लिहिले तर चुकूनमाकून बरोबर येईल, कोऱ्याला कोण गुण देणार?' हा त्यांचा हिशेब असतो, आणि तो व्यवहाराला धरूनच असतो. अशी 'काहीतरी लिहून' भरलेली उत्तरे मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. आणि ती तपासता तपासता माझी अशी खात्री होत चालली आहे की, शाळा सुटली तरी माणसाची ही सवय काही सुटत नाही.

माणसाला रिकामी जागा सोसत नाही. गप्पा मारता मारता क्षणभर शांतता पसरली, तर आपण लगेच हवापाण्याविषयी बोलू लागतो. आळीतले एखादे बिऱ्हाड का गेले हे ठाऊक नसले, तर दिवेलागणीपर्यंत त्याची तीन कारणे तयार होतात. मूल दहावीत गेले नाही तोच त्याच्या पुढच्या आयुष्याची कोरी ओळ आपण 'डॉक्टर' किंवा 'इंजिनियर' असे लिहून भरून टाकतो. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द मराठी भाषेतले सर्वांत अवघड शब्द असावेत. तोंडातून ते बाहेर पडताना मोठमोठ्या विद्वानांची जीभ अडखळते. म्हणून मला प्रश्न पडतो तो असा : रिकामी जागा रिकामीच राखणे हा केवळ आळस आणि अज्ञान, की तोही एक सद्गुण असू शकतो?

या प्रश्नाचा विचार करताना मला एका इंजिनियरिंगच्या प्राध्यापकाची हकीगत फार उपयोगी पडली. माझे विजेचे ज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकापाशी थांबले आहे. दिवाळीत माळा लावण्यापलीकडे त्याचा मला उपयोगही पडलेला नाही. पण ही हकीगत कळायला त्याहून अधिक काही लागत नाही.

या प्राध्यापकाचे नाव लिऑन चुआ. फिलिपाइन्समधल्या एका चिनी कुटुंबात १९३६ साली त्यांचा जन्म झाला. तिथेच इंजिनियरिंगची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, इलिनॉय विद्यापीठातून १९६४ साली डॉक्टर झाले, काही वर्षे पर्ड्यू विद्यापीठात शिकवून पुढे कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या विद्यापीठात आले. तिथे १९७१ च्या सप्टेंबरात त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. शोधनिबंध म्हणजे काहीतरी सापडल्याचे वर्तमान, अशी आपली समजूत असते. चुआंच्या निबंधाचा विषय नेमका उलटा होता : काय सापडलेले नाही, हे त्यांनी सांगितले होते.

त्यांचा युक्तिवाद अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कोणालाही समजेल. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिपके द्या. प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येकाला जोडायचा म्हटला, तर रेघा किती होतील? चार बाजूंच्या चार आणि आडव्या-तिडव्या दोन, अशा सहा. आता विजेच्या शास्त्रात मूलभूत राशीही चारच : विजेचा दाब, तिचा प्रवाह, साठलेला विद्युत्-प्रभार आणि चुंबकीय अभिवाह, म्हणजे ढोबळ मानाने वेटोळ्यातून जाणारे चुंबकत्व. हे झाले चार ठिपके. त्यांतल्या दोन रेघा व्याख्येनेच आखलेल्या आहेत. कारण प्रवाह काही काळ वाहिला की त्याची बेरीज म्हणजे प्रभार, आणि दाबाची तशीच बेरीज म्हणजे अभिवाह. तीन रेघा तीन वस्तूंनी जोडल्या आहेत. दाब आणि प्रवाह यांना जोडतो तो रोधक. त्याचा नियम ओमने १८२७ साली सांगितला. दाब आणि प्रभार यांना जोडते ते धारित्र. त्याचा मूळ पुरुष म्हणजे १७४५ च्या सुमाराची लेडनची बरणी. प्रवाह आणि अभिवाह यांना जोडते ते तारेचे वेटोळे. त्याचे वर्म फॅरडेला १८३१ साली उमगले. दोन आणि तीन पाच झाल्या. सहावी रेघ कुठे आहे?

प्रभार आणि अभिवाह या दोन ठिपक्यांमधली जागा मोकळी होती. ही चार नावे विजेच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत होती. पण पाच रेघांची रांगोळी आपल्या डोळ्यांना इतकी सरावाची झाली होती, की सहावीची उणीव कोणाला खटकली नव्हती. चुआंना ती खटकली. ते म्हणाले, इथे एक चौथी वस्तू असायला हवी. ती असेल तर कशी वागेल, हेही त्यांनी गणिताने मांडले. तिच्यातून आजवर किती वीज कोणत्या दिशेने गेली, यावर तिचा रोध ठरेल. अशी एक नळी कल्पावी, की पाणी एका दिशेने वाहिले की ती रुंदावते, उलट वाहिले की आक्रसते. आणि पाणी थांबले, की जितकी रुंद असेल तितकीच राहते. अशा नळीकडे पाहून तिच्यातून काय वाहून गेले ते सांगता येईल. म्हणजे तिला आठवण आहे! म्हणून चुआंनी 'मेमरी' आणि 'रेझिस्टर' हे दोन शब्द जोडून त्या न सापडलेल्या वस्तूचे बारसे केले : 'मेमरिस्टर'. आपण तिला स्मृतिरोधक म्हणू.

पाळण्यात बाळ नाही आणि बारसे मात्र झाले, असा हा प्रकार. पण असे बारसे शास्त्रात पहिलेच नव्हते. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८७१ साली, मेंडेलेएव्हने मूलद्रव्यांच्या कोष्टकातील तीन मोकळ्या घरांविषयी असेच लिहिले होते. ही मूलद्रव्ये अजून कोणी पाहिलेली नाहीत. पण ती आहेत, आणि अशी अशी आहेत, असे तो म्हणाला. त्या तिघांना त्याने तात्पुरती नावे दिली ती 'एका-ॲल्युमिनियम', 'एका-बोरॉन' आणि 'एका-सिलिकॉन'. यातले 'एका' म्हणजे आपला संस्कृत 'एक'. कोष्टकात त्या द्रव्याच्या पुढचे एक घर, अशा अर्थाने तो रशियन पंडिताने उचलला. पुढे १८७५ साली गॅलियम, १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि तिन्ही घरे भरली. मला तर वाटते, हा 'एक' उसना देण्याच्या कितीतरी आधी आपल्या पूर्वजांनी जगाला याहून मोठी वस्तू दिली होती. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. त्यात २७० ही संख्या आजच्यासारखीच शून्य घालून कोरली आहे. शून्य म्हणजे काय? इथे काही नाही, पण जागा आहे, ती कोणी बळकावू नये, असे सांगणारी खूण. ती खूण पुसा. २७० चे २७ होतात. मोकळी जागा राखली नाही, तर भरलेल्या जागांचाही अर्थ बिघडतो, ही गोष्ट पहिलीतले मूल पाटीवर शिकते आणि मोठेपणी विसरते.

ही रांगोळीची हकीगत मी एकदा वर्गात सांगितली. मुलांनी सहा रेघा मोजल्या, एकीवर फुली मारली. मजा वाटली त्यांना. मग मी म्हटले, "ती वस्तू सापडायला किती वर्षं लागली असतील?" कोणी दोन म्हणाले, कोणी दहा. मी म्हटले, "सदतीस." वर्ग हसला. पण मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिने विचारले, "आणि सर, सापडलीच नसती तर?" तिच्या शेजारणीने परस्पर उत्तर देऊन टाकले, "तर पेपर कोरा गेला असता, अजून काय!"

मुलीचा प्रश्न सोपा नव्हता. त्याच्याकडे जाण्यापूर्वी त्या सदतीस वर्षांत काय झाले ते पाहिले पाहिजे.

चुआ उंबरठ्यावर बसून वाट पाहत राहिले नाहीत. ट्रान्झिस्टर वगैरे जोडून स्मृतिरोधकाची नक्कल त्यांनी सुरुवातीलाच करून पाहिली होती; पण ती बाहेरून वीज पुरवून चालवलेली नक्कल होती, एकसंध वस्तू नव्हे. १९७६ साली कांग या सहकाऱ्याबरोबर त्यांनी आपला विचार आणखी विस्तारला, आणि त्यात एक मोठी गमतीची गोष्ट पुढे आली. माकुल या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली मज्जातंतूतून संदेश कसा जातो त्याचे गणित मांडले होते. पुढे त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकही मिळाले. त्या गणितात त्यांना काही विलक्षण रोध गृहीत धरावे लागले होते, आणि 'काळानुसार बदलणारे' असे त्यांचे वर्णन झाले होते. चुआ आणि कांग यांनी दाखवले की ते रोध नुसत्या काळानुसार बदलत नाहीत, आपल्या पूर्वस्थितीनुसार बदलतात. म्हणजे ते स्मृतिरोधकाच्याच गोतातले आहेत. रिकामी जागा आपल्या शरीरात भरलेली होती. फक्त तिथे दुसराच शब्द लिहिलेला होता.

याच काळात चुआंनी दुसरीही कामे केली. १९८३ साली टोकियोच्या वासेदा विद्यापीठात पाहुणे असताना त्यांनी एक अगदी साधे मंडल रचले. चार-पाच भागांच्या त्या मंडलात वीज अशी वागते की ती पुन्हा तीच वाट कधीच धरत नाही. 'चुआंचे मंडल' म्हणून ते ओळखले जाते. १९८८ साली त्यांनी यांग यांच्याबरोबर शेजारच्या शेजारी बोलणाऱ्या पेशींच्या जाळ्याने गणन करण्याची कल्पना मांडली. एक जागा रिकामी ठेवली म्हणून त्यांनी आपले घर रिकामे ठेवले नाही.

मग स्मृतिरोधक इतकी वर्षे सापडला का नाही? कारण ऐकण्यासारखे आहे. त्याचा परिणाम वस्तूच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी हजारपट कमी करा, परिणाम दहा लाख पट वाढतो. म्हणून मिलीमीटरच्या जगात तो जवळजवळ दिसतच नाही. नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या एक अब्जांशाच्या जगात तो उघडा पडतो. १९७१ साली माणसाची बोटे एवढी बारीक झाली नव्हती.

ती पुढे झाली. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली विल्यम्स आणि त्यांचे सहकारी अतिसूक्ष्म स्विच बनवत होते. त्यांना स्मृतिरोधक हवा नव्हता. त्यांचे स्विच विचित्र वागत होते आणि कारण कळत नव्हते. त्यांच्यातल्या ग्रेग स्नायडर यांना चुआंचा जुना निबंध आढळला, त्यांनी तो विल्यम्स यांना वाचायला दिला; आणि बऱ्याच मननानंतर उलगडा झाला, की हे विचित्र वागणे म्हणजेच ती सहावी रेघ. १ मे २००८ च्या 'नेचर' नियतकालिकात स्ट्रुकोव्ह, स्नायडर, स्टुअर्ट आणि विल्यम्स यांनी ते जाहीर केले. चुआ तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

वस्तू कसली होती म्हणाल? प्लॅटिनमच्या दोन तारांमध्ये टायटेनियम डाय-ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर. हे द्रव्य काही दुर्मीळ नाही. दिवाळीपूर्वी आपण भिंतींना जो पांढरा रंग देतो, त्याची शुभ्रता याच द्रव्याची असते. शुद्ध असताना ते वीज जवळजवळ जाऊ देत नाही. पण त्या थराच्या एका बाजूला ऑक्सिजनचे काही अणू कमी ठेवले होते. जिथे अणू असायला हवा तिथे तो नाही, अशा मोकळ्या जागा. आणि ज्या भागात अशा जागा आहेत, त्या भागातून वीज सहज जाते. दाब दिला की या मोकळ्या जागा सरकतात, रोध बदलतो. दाब काढला की त्या असतील तिथेच राहतात. हीच त्या वस्तूची आठवण. हे वाचून मी पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो. शास्त्रातली रिकामी जागा जिने भरली, तिचे सगळे काम रिकाम्या जागांवरच चालले होते!

तिचा उपयोग काय, असे विचाराल तर तोही मोठा आहे. आपल्या नेहमीच्या संगणकात आठवण एका ठिकाणी असते आणि विचार दुसऱ्या ठिकाणी. चिमूटभर मिठासाठी दर वेळी माळ्यावर चढणाऱ्या स्वयंपाकिणीसारखी त्याची स्थिती होते. अर्धी शक्ती जाण्यायेण्यातच खर्च. स्मृतिरोधकात आठवण आणि गणन एकाच जागी होऊ शकते. जसा मिसळणाचा डबा हाताशी असावा तसे. आपल्या मेंदूतही बहुधा असेच काही चालते. म्हणून मेंदूच्या धर्तीचे, निराळ्या वाटेचे संगणक घडवण्याची खटपट त्यानंतर जगभर सुरू झाली. सगळेच बेत काही तडीस गेले नाहीत. ह्यूलेट-पॅकार्डने २०१० साली एका कोरियन कंपनीशी हात मिळवून काही वर्षांत हा माल बाजारात आणण्याचे योजले होते, ते ठरल्या वेळी झाले नाही. पण प्रयोगशाळांतले काम थांबले नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. सापडलीच नसती तर?

अशा वेळी आपण आंब्याची कोय पुरणाऱ्या आजोबांची गोष्ट सांगतो : त्यांना ठाऊक असते की फळे नातवंडे खातील. गोष्ट चांगली आहे, पण इथे ती लागू नाही. कोयीतून आंबा येतो, हे आजोबांनी शंभरदा पाहिलेले असते. त्यांना स्वतःचे फळ सोडायचे असते, फळावरचा भरवसा नव्हे. चुआंना तेवढाही आधार नव्हता. दुसरे काही जण फळाची आशा न धरता कर्म करण्याचा उपदेश आठवतील. तो उपदेश थोर आहे. मात्र पुष्कळदा आपण तो अपयशानंतर, जखमेवर फुंकर घालावी तसा वापरतो. कर्म करताना हातून जी काळजी घ्यावी लागते, तिच्याविषयी तेव्हा आपण बोलत नाही.

आणि काळजीची गरज किती आहे, ते दुसऱ्या एका गोष्टीवरून कळते. ले व्हेरिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने युरेनसची चाल बिघडते त्यावरून हिशेब केला, की पलीकडे एक अज्ञात ग्रह असला पाहिजे. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याने दुर्बीण रोखली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या चालीतही फरक आढळला. तोही किती, तर शंभर वर्षांत एका अंशाच्या शंभराव्या भागाहून किंचित अधिक. ले व्हेरिएने १८५९ साली तोच न्याय लावला : सूर्याजवळ आणखी काही तरी असले पाहिजे. लगेच लेस्कारबो नावाच्या एका खेड्यातल्या डॉक्टरने आपण तसा ग्रह पाहिल्याचे कळवले. त्याला फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला, ग्रहाला 'व्हल्कन' हे नाव मिळाले; मिळाला नाही तो फक्त ग्रह. ले व्हेरिए १८७७ साली वारला तो त्याच्यावर विश्वास ठेवूनच. पुढे १९१५ साली आइनस्टाइनने दाखवले की तिथे ग्रहाची जरूरच नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा निराळा आहे.

माणूस तोच, बुद्धी तीच, रीतही तीच. एकदा जागा भरली, एकदा नाही. मग दुसऱ्या वेळी ले व्हेरिए मूर्ख ठरला काय? मुळीच नाही. बुधाच्या चालीत त्याने दाखवलेली उणीव खरीच होती. ती त्याने दाखवली म्हणूनच पुढे आइनस्टाइनला आपला सिद्धांत ताडून पाहायला जागा मिळाली. चूक झाली ती उणीव दाखवण्यात नव्हे, ती भरण्याच्या घाईत. डॉक्टरने 'काहीतरी लिहिले' आणि परीक्षकाने त्याला गुण देऊन टाकले.

चुआंच्या बाबतीतही वाद संपलेला नाही. २००८ साली सापडलेल्या वस्तूत चुंबकीय अभिवाहाचा प्रत्यक्ष संबंधच नाही, तेव्हा ती मूळ कल्पनेतली वस्तू नव्हेच, असे म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत. २०१५ साली 'हरवलेला स्मृतिरोधक सापडलेला नाही' अशाच अर्थाच्या मथळ्याचा निबंध प्रसिद्ध झाला. चुआ आपल्या बाजूने ठाम राहिले. निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. पण या वादामुळे त्या मुलीचा प्रश्न मला अधिकच खरा वाटू लागला. आणि त्याचे उत्तरही तिथेच सापडले.

उत्तर असे की, १९७१ च्या निबंधाचे मोल २००८ साली ठरले नाही. चार ठिपक्यांमध्ये सहा रेघा असतात आणि पाचच काढलेल्या आहेत, हे त्या दिवशीही खरे होते. सहावी कधीच सापडली नसती तरी ते खोटे झाले नसते. जे ठाऊक आहे ते कुठे संपते, तिथे नीट कुंपण घालणे आणि पलीकडच्या जमिनीवर आपले नाव न लिहिणे, एवढे काम त्या निबंधाने केले होते, आणि ते पूर्ण केले होते. प्रयोगशाळेतल्या माणसांना आपल्या विचित्र स्विचचा अर्थ लागला तो कोणीतरी ती जागा स्वच्छ राखली होती म्हणून. तिथे आधीच भलता शब्द लिहिलेला असता, तर मज्जातंतूंचे झाले तेच झाले असते.

म्हणून रिकामी जागा राखणे हा आळस नव्हे. आळशी माणसाला जागा रिकामी आहे हे दिसतही नाही. ती दिसायला चारही ठिपके मांडावे लागतात, पाच रेघा मन लावून काढाव्या लागतात. मगच सहावीचे 'मला माहीत नाही' म्हणण्याचा अधिकार येतो. आणि तो आल्यावर सदतीस वर्षे, किंवा जन्मभर, मोहाला बळी न पडता तेच म्हणत राहावे लागते. घरातल्या मोठ्यांनी मुलांच्या बाबतीत एवढे जरी केले, त्यांच्या भविष्याच्या ओळीत घाईने आपला शब्द न लिहिता तिथे नुसती एक रेघ आखून ठेवली, तरी पुष्कळ मुले आपापला शब्द स्वतः शोधून आणतील. काहींची जागा मोकळीही राहील. पण ती त्यांची असेल.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, की पेपर कोरा गेला नसता; कारण या परीक्षेत प्रश्न लिहून देणाऱ्यालाही गुण असतात. ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "मग ते गुण देतं कोण?" ती जागा मी अजून रिकामीच ठेवली आहे.